उत्तर कोणी दिलं? एका मतदारसंघातल्या ऑनलाइन पोलचं प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका विधानसभा मतदारसंघाचं आहे. मतदारसंघाचं आणि चॅनेलचं नाव देत नाही. चूक चॅनेलची होती तितकीच माझीही होती आणि तशी चूक त्या महिन्यात महाराष्ट्रात कुठेही होऊ शकली असती.

१५ ऑक्टोबर २०२४ रोजी निवडणूक आयोगाने महाराष्ट्र विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला. २८८ जागा, एकच टप्पा, २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ला मोजणी. त्याच आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो तालुक्याच्या गावी बातम्यांचं यूट्यूब चॅनेल चालवतो. बाजार समितीतले भाव, टँकर, रस्ते, अपघात, सप्ताह अशा बातम्या देतो आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास आहे. "सर, पोल टाकलाय. 'आपल्या मतदारसंघात आमदार कोण होणार?' उत्तरं धो धो येतायत. टक्केवारीची बातमी लावू का?"

मी संख्याशास्त्र शिकवतो. उत्तर कोणी दिलं, हे मी त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं, उत्तरं किती आली. त्याने आकडा सांगितला, तालुक्याच्या मानाने तो मला भरघोस वाटला आणि मी होकार दिला. बातमी लागली. पोलमध्ये महाविकास आघाडीचा उमेदवार आरामात पुढे होता. २३ नोव्हेंबरला महायुतीच्या उमेदवाराने मोठ्या फरकाने गुलाल उधळला.

त्या पोलची नेमकी टक्केवारी मी इथे छापत नाही. ती छापली की पुन्हा तिला मोजमापाचं वजन येईल, आणि नेमकं तेच तिला नव्हतं.

तेव्हा ते खरं का वाटलं

पोलचा निकाल त्या वेळी कुणालाच खटकला नाही, यात आश्चर्य नाही. चारच महिन्यांपूर्वीच्या लोकसभा निकालात राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या होत्या. मराठवाड्यातल्या आठांपैकी महायुतीकडे एकटं छत्रपती संभाजीनगर आलं. जालन्यात रावसाहेब दानवे आणि बीडमध्ये पंकजा मुंडे पडल्या होत्या. शेतात सोयाबीन निघत होतं, हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना बाजारात त्याच्या खाली सौदे होत होते. चॅनेलच्या कमेंटमध्ये सोयाबीन आणि आरक्षण या दोनच गोष्टी होत्या. पारावर, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर बोलणारे लोकही तेच बोलत होते. पोलने आम्हाला आधीच माहीत असलेलं सांगितलं आणि म्हणून आम्ही तो तपासला नाही.

लोकसभेचा आकडाही आम्ही नीट वाचलेला नव्हता. ३० विरुद्ध १७ ही दरी जागांची होती. मतांमध्ये दोन्ही आघाड्या जवळजवळ बरोबरीत होत्या, फरक राज्यभरात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे वाऱ्याची दिशा ठरलेली नव्हती, तराजू मध्यावर थरथरत होता. जागांच्या आकड्याने आमच्या डोळ्यांवर जी पट्टी बांधली, तिच्यातूनच आम्ही पोलकडे पाहिलं.

पोल कसा घेतला गेला

चॅनेलच्या कम्युनिटी पानावर पोल होता. तीच लिंक फेसबुकवर आणि तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. काही ग्रुपमध्ये कुणीतरी व्हॉट्सॲपचाच वेगळा पोल बनवला आणि त्याचे आकडे चॅनेलला पाठवले, तेही मनातल्या मनात मिळवले गेले. इथे पहिली गडबड आहे. यूट्यूबच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं हे चॅनेलवाल्याला दिसत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपच्या पोलमध्ये कोणी कोणाला मत दिलं हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतं. ज्या ग्रुपचा ॲडमिन एखाद्या उमेदवाराचा कार्यकर्ता आहे, सोसायटीचा चेअरमन आहे किंवा गावातला सावकार आहे, तिथे त्याच्या विरोधात कोण बटण दाबेल? मग एक तर लोक गप्प बसतात किंवा ॲडमिनच्या बाजूने दाबतात. गुप्त मतदान आणि उघड मतदान यांची बेरीज करून जे येतं, त्याला अर्थ नसतो.

दुसरी गडबड पर्यायांची. पोल टाकला तेव्हा उमेदवारच ठरले नव्हते. अर्ज भरण्याची मुदत २९ ऑक्टोबरची आणि माघारीची ४ नोव्हेंबरची. मनोज जरांगे पाटील उमेदवार देणार की नाही, हा मराठवाड्यातला तेव्हाचा सर्वांत मोठा प्रश्न होता. त्यांनी निवडणुकीतून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं ते ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी. आमच्या पोलमध्ये 'जरांगे पाटील समर्थक उमेदवार' असा पर्याय होता. तो निवडणाऱ्यांची मतं पुढे कुठे गेली, हे त्या पोलमधून कळायला मार्ग नाही. बंडखोरांचंही तसंच. ज्या बंडखोराने दिवाळीनंतर अर्ज मागे घेतला, त्याच्या वाट्याचे अंगठे पोलमध्ये तसेच राहिले.

नावांचा घोळ तर वेगळाच. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी. नुसतं 'राष्ट्रवादी' लिहिलं तर घड्याळ की तुतारी वाजवणारा माणूस? मतदार पक्षाच्या लांबलचक नावापेक्षा चिन्ह ओळखतो आणि चिन्हाचा घोळ किती महाग पडतो हे त्याच वर्षी साताऱ्यात दिसलं होतं. लोकसभेला तिथे तुतारीशी साधर्म्य असलेलं चिन्ह मिळालेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि उदयनराजे भोसले यांनी शशिकांत शिंदे यांच्यावर मिळवलेला विजय ३२,७७१ मतांचा होता. यंत्रावरच्या चिन्हाबाबत हे होऊ शकतं, तर घाईघाईत टाइप केलेल्या चार शब्दांच्या पर्यायाबाबत काय होत असेल?

तिसरी गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली होती, तरी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. संध्याकाळपर्यंत पोल एका बाजूला होता, रात्रीत पारडं फिरलं. एका उमेदवाराच्या समर्थकांनी लिंक आपापल्या ग्रुपमध्ये टाकली होती, वर एक ओळ: 'सर्वांनी मत द्या, साहेबांना मागे पडू देऊ नका.' त्या क्षणी पोल मोजपट्टी राहिला नाही. ती दोन गटांची स्पर्धा झाली आणि ज्याच्याकडे मोबाइल हाताळणारी पोरं जास्त, तो जिंकला.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. नमुना निवडीचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे, पण त्यात एक अट गृहीत आहे. भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा, नाहीतर ढवळून मग शीत काढायला हवं, आणि शीत आपण काढायला हवं. ऑनलाइन पोलमध्ये शीत आपण काढत नाही. काही शितं स्वतःहून उडी मारून ताटात येतात. ती का उडी मारतात, तेच त्यांना बाकीच्या भातापासून वेगळं करतं.

संख्या वाढवली की हा दोष जात नाही. माझा स्वतःचा पाय इथेच घसरला म्हणून हे नेटाने सांगतो. १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते आले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून. त्या मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती हे सांगायला नको. शिवाय ज्यांनी तसदी घेऊन उत्तर पाठवलं, ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते.

हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ साली याचं गणित मांडलं. २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधीच्या सर्वेक्षणांत मिळून सुमारे २३ लाख लोकांनी उत्तरं दिली होती. उत्तर देणं आणि एका उमेदवाराला पाठिंबा असणं यांच्यात अगदी बारीक, ०.००५ इतकासा संबंध होता. तेवढ्याने त्या २३ लाखांची किंमत यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी, निवडलेल्या सुमारे ४०० माणसांइतकी उरली. आमच्या पोलमध्ये हा संबंध बारीक नव्हता, ढोबळ होता.

तो ढोबळ का, याचं उत्तर आकडेवारीत आधीपासून होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी आणि ६१.५ टक्के पुरुषांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. ग्रामीण भागात स्त्रियांचं प्रमाण याहून बरंच खाली होतं. २०२४ पर्यंत हे वाढलं असणारच. पण 'कधीतरी वापरलं' आणि 'तालुक्याच्या राजकीय चॅनेलवर जाऊन पोलचं बटण दाबलं' यांत मोठं अंतर आहे.

आणि २०२४ची निवडणूक नेमकी स्त्रियांच्या मतावर फिरली, निदान त्यांच्या मताशिवाय तिचा अर्थ लागत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये जुलैपासून धरून दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यात जमा होत होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेआधीच एकत्र दिले गेले. विधानसभेला स्त्रियांचं मतदान २०१९मध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२४मध्ये ६५ टक्क्यांवर गेलं. पुरुषांचंही वाढलं, पण कमी. सगळा निकाल या एका योजनेचा, असं मी म्हणणार नाही. ओबीसी मतांची जुळवाजुळव होती, प्रचारयंत्रणा होती, आघाडीतला जागावाटपाचा घोळ होता. पण ज्या घटकात हालचाल सर्वांत जास्त झाली, तोच घटक आमच्या पोलमध्ये जवळजवळ नव्हता.

निकालानंतर मी आणि विद्यार्थी एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो. पोलबद्दल विचारलं. एक बाई म्हणाल्या, "फोन पोराकडं ऱ्हातो, सर. तो शाळेतून आला की त्याचा अन् तो झोपला की मालकाचा." दुसरीने जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही: "आमाला कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

दुसरा फॉर्म

डिसेंबरमध्ये आम्ही एक गोष्ट केली, जी आधी करायला हवी होती. त्याच प्रेक्षकांना एक छोटा फॉर्म पाठवला. मत कोणाला दिलं हे विचारलं नाही. एवढंच विचारलं: वय, स्त्री की पुरुष, सध्या राहता कुठे, मतदार यादीत नाव कुठे आहे, आणि २० नोव्हेंबरला मत दिलं का. हा फॉर्मही स्वेच्छेचाच, त्यामुळे त्याचे टक्केही मी देत नाही. पण त्यातून चॅनेलच्या श्रोत्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसला.

पुरुष बहुसंख्य, हे अपेक्षित होतं. पन्नाशीच्या पुढचे थोडे, हेही. अनपेक्षित होतं ते राहण्याचं ठिकाण. भरपूर उत्तरं पुणे, चाकण, पिंपरी, मुंबई, नवी मुंबईतून आली होती. गावाकडचं चॅनेल सर्वांत आस्थेने पाहतात ते गाव सोडून गेलेले. घरची बातमी म्हणून पाहतात. त्यांतल्या काहींची नावं कधीच पुण्याच्या यादीत गेलेली, काहींची गावच्या यादीत असूनही ते मतदानाला आलेले नव्हते. आणि याच्या उलट टोकाला ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. निवडणूक गाळप हंगामाच्या तोंडावर आली, टोळ्या निघण्याच्या तयारीत होत्या. ज्यांच्या मतासाठी उमेदवार मुकादमांच्या घरी खेटे घालत होते, त्यांच्यातल्या कोणीही हा फॉर्म भरला नाही.

पोल चुकला, असं मी आता म्हणत नाही. चाकणच्या खोलीत बसून गावाबद्दल तळमळणाऱ्या तरुणांचं म्हणणं त्याने कदाचित बरोबर सांगितलं. आम्ही त्याला मतदारसंघाचं नाव दिलं.

मग प्रत्यक्ष भेटून घेतलेली सर्वेक्षणं?

विद्यार्थ्याने मला रास्त प्रश्न विचारला. मोठ्या संस्था घरोघरी जातात, तरी त्यांचंही चुकतंच. खरं आहे. त्याच वर्षी लोकसभेला ॲक्सिस माय इंडियाने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. ऑक्टोबरमध्ये हरियाणात जवळजवळ सगळ्या एक्झिट पोलनी काँग्रेसचं सरकार आणलं होतं, निकालात ९० पैकी ४८ जागा भाजपच्या. महाराष्ट्रात ॲक्सिसने महायुतीला १७८ ते २०० दिल्या, तिन्ही मोठ्या पक्षांना मिळून २३० मिळाल्या. दिशा बरोबर, उंची चुकली.

उंची का चुकते हेही समजून घ्यायला हवं. महायुतीच्या तीन पक्षांची मतं मिळून ४८ टक्क्यांच्या आसपास होती, समोरच्या तीन पक्षांची ३४च्या. आपल्या पद्धतीत मतांची एवढी आघाडी राज्यभर पसरलेली असली की मागे पडलेल्या बाजूच्या जागा भराभर कोसळतात. मतांचा अंदाज दोन टक्क्यांनी हलला तरी जागा वीस-तीसने हलू शकतात. म्हणून राज्याच्या सर्वेक्षणावरून एका मतदारसंघाबद्दल बोलणं धाडसाचं, आणि एका मतदारसंघाच्या ऑनलाइन पोलवरून राज्याबद्दल बोलणं त्याहून.

पण दोन्हींच्या चुकांत फरक आहे. ज्याने मतदार यादीतून नावं काढली आणि दारात जाऊन विचारलं, त्याला नंतर कळू शकतं की कोणत्या वस्तीत कमी लोक भेटले, किती जणांनी उत्तर टाळलं. चुकीचा माग काढता येतो. लोकनीती-सीएसडीएसच्या सर्वेक्षकांची एक जुनी रीत मला फार आवडते: मतदाराच्या हातात चिन्हं छापलेली चिठ्ठी द्यायची आणि सोबत नेलेल्या पेटीत टाकायला सांगायची. समोरच्या माणसालाही ते मत कळत नाही. आमच्या पोलमध्ये यादी नव्हती, दार नव्हतं, पेटी नव्हती.

ऑनलाइन उत्तरं सुधारता येतच नाहीत असं नाही. २०१२च्या अमेरिकी निवडणुकीत संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळयंत्रावरून रोज प्रश्न विचारले. साडेतीन लाखांच्या आसपास लोकांनी उत्तरं दिली, त्यांतले ९३ टक्के पुरुष आणि ६५ टक्के १८ ते २९ वयाचे. इतका वाकडा नमुना शोधून सापडणार नाही. तरीही लिंग, वय, राज्य, शिक्षण, आधीचं मतदान अशा खणांमध्ये उत्तरं वाटून, प्रत्येक खणाला खऱ्या मतदारांतलं त्याचं वजन देऊन त्यांनी चांगला अंदाज काढला. पण त्यासाठी प्रत्येक उत्तरासोबत उत्तर देणाऱ्याची माहिती होती, आणि खऱ्या मतदारांचं चित्र आधीच्या निवडणुकीच्या एक्झिट पोलमधून मिळालेलं होतं. ज्या खणात एकही माणूस नाही, त्याला वजन देऊन काय मिळणार? ऊसतोड मजूर स्त्री आमच्या पोलमध्ये शून्य होती. शून्याला कितीनेही गुणा.

कायद्याची बाजू

ही बाजू छोटी चॅनेलं सहसा पाहत नाहीत, आम्हीही उशिरा पाहिली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२६नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचा निकाल इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दाखवता येत नाही. म्हणजे १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळपासून. आमचा पोल तर ऑक्टोबरपासून पानावर टक्केवारीसकट उघडाच होता. नवीन काही प्रसिद्ध केलं नाही, तरी जुनं दिसत होतं. १७ला रात्री विद्यार्थ्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो काढला.

कलम १२६अ एक्झिट पोलबद्दल, म्हणजे मत देऊन आलेल्यांना विचारून घेतलेल्या चाचणीबद्दल आहे. आयोगाने ठरवलेली मुदत झारखंडच्या पहिल्या टप्प्यामुळे १३ नोव्हेंबरच्या सकाळी ७ पासून २० नोव्हेंबरच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. २० तारखेला दुपारी एका उत्साही सहकाऱ्याने 'कोणाला मत दिलंत?' असा पोल टाकायचं सुचवलं होतं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तो टाकला गेला नाही, एवढं नशीब.

आता

चॅनेलवर पोल बंद झालेले नाहीत आणि ते बंद करा असं मी सांगितलंही नाही. 'कोण जिंकणार' हा प्रश्न मात्र बंद आहे. आता विचारतात ते असं: या आठवड्यात तुमच्या गावात कोणत्या प्रश्नावर बोलणं चाललंय, उमेदवाराला काय विचारू. त्यातून प्रश्न मिळतात, टक्के लागत नाहीत. पोलखाली एक ओळ कायमची असते: 'हे आमच्या प्रेक्षकांपैकी ज्यांनी बटण दाबलं त्यांचं म्हणणं आहे, मतदारसंघाचं नाही.' उमेदवारांच्या कार्यालयांतून 'आमच्यासाठी पोल लावा' असे फोन आले, त्यांना नकार गेला. त्यात एक-दोन जाहिरातीही गेल्या.

बचत गटाच्या त्या बैठकीनंतर आम्ही पुठ्ठ्याची एक पेटी बनवली. दोन गावांत, मतदार यादीतून ओळीने ठरावीक अंतरावरची नावं काढून, चॅनेलची वार्ताहर ताई दारोदार गेली. चिठ्ठीवर पक्ष नव्हते, गावाचे पाच प्रश्न चित्रांसह होते. आकडे फार थोडे आहेत, त्यांतून काही सिद्ध होत नाही. पण पहिल्याच दिवशी कळलं की यादीतली बरीच नावं घरी सापडत नाहीत आणि जी सापडतात त्यांतल्या बायका दुपारी शेतात असतात. म्हणून ताई आता संध्याकाळी सातनंतर जाते. सोबत कोण येणार आणि परतीच्या गाडीचं काय, हे अजून ठरायचं आहे.